विश्लेषण : इंजिन सारखे बंद का पडत होते? जेम्स वॉट यांच्या एका दुरुस्तीने जग कसे बदलले?

दिव्याच्या खोक्यावर, मिक्सरवर, इस्त्रीवर आणि दर महिन्याच्या वीजबिलावर ज्यांचे नाव छापलेले असते, ते जेम्स वॉट वाफेच्या इंजिनाचे जनक म्हणून शाळेत शिकवले जातात. प्रत्यक्षात वाफेचे इंजिन त्यांच्या जन्माआधीपासून खाणींमध्ये चालत होते. वॉट यांच्याकडे आले ते एक बिघडलेले छोटे मॉडेल. ते सुरू होई, चार-दोन झटके मारी आणि बंद पडे. ते का बंद पडते, या एका प्रश्नाचा त्यांनी पिच्छा पुरवला आणि त्यातून औद्योगिक क्रांतीला वेग देणारे इंजिन उभे राहिले. त्या दुरुस्तीची, त्यामागच्या माणसाची आणि आजही घरोघरच्या उपकरणांना लागू पडणाऱ्या त्या पद्धतीची ही ओळख…

जेम्स वॉट कोण होते?

वॉट यांचा जन्म जानेवारी १७३६ मध्ये स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदराच्या गावी झाला. आजोबा गणित आणि नौकानयन शिकवणारे शिक्षक. वडिलांचा जहाजांना लागणाऱ्या सामानाचा, दुरुस्तीचा आणि व्यापाराचा उद्योग होता. ग्रीनॉकचा हा व्यापार अटलांटिकपलीकडच्या साखर-तंबाखूच्या मळ्यांशी, म्हणजेच गुलामांच्या श्रमाशी जोडलेला होता आणि वॉट कुटुंबाची मिळकतही त्यापासून अलिप्त नव्हती.

जेम्स लहानपणी सतत आजारी असत. डोकेदुखीने त्यांना आयुष्यभर छळले. सुरुवातीचे शिक्षण आईने घरीच दिले. वडिलांनी कारखान्यात त्यांना स्वतःची हत्यारे आणि एक छोटी भट्टी दिली होती. कंपास, चतुर्थांश यंत्र अशी नौकानयनाची उपकरणे उघडून बघता बघता हात तयार झाला.

किटलीच्या झाकणाची गोष्ट खरी का?

उकळत्या किटलीचे झाकण उडताना पाहून लहानग्या जेम्सला इंजिन सुचले, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती त्यांच्या मृत्यूनंतर लोकप्रिय झाली. वाफेत जोर असतो हे तोवर सर्वांना ठाऊक होते. थॉमस न्यूकमेन यांचे इंजिन १७१२ मध्येच, म्हणजे वॉट यांच्या जन्माच्या २४ वर्षे आधी, खाणीतले पाणी उपसू लागले होते. वॉट यांनी मोठेपणी प्रयोगांसाठी किटली वापरली हे मात्र खरे. ती झाकण पाहण्यासाठी नव्हे, तर वाफ मोजण्यासाठी.

विद्यापीठात ते कसे पोहोचले?

आईच्या निधनानंतर आणि वडिलांच्या धंद्याला उतरती कळा लागल्यावर, १७५५ मध्ये वॉट लंडनला गेले. शास्त्रीय उपकरणे बनवण्याची उमेदवारी तेव्हा सात वर्षांची असे. वॉट यांनी जॉन मॉर्गन या कारागिराला पैसे भरून ती विद्या एका वर्षात पदरात पाडून घेतली. त्या वर्षात त्यांनी पोटाला चिमटा घेतला, प्रकृती ढासळवली आणि १७५६ मध्ये ते स्कॉटलंडला परतले.

ग्लासगोत दुकान थाटायचे तर सात वर्षांची रीतसर उमेदवारी झालेली नाही म्हणून कारागीर संघाचे नियम आड आले, असे सांगितले जाते. त्याच सुमारास ग्लासगो विद्यापीठाला जमैकाहून खगोलशास्त्राची उपकरणे देणगीत मिळाली होती. समुद्रप्रवासात ती गंजली होती. ती साफ करण्याचे काम वॉट यांना मिळाले आणि १७५७ मध्ये विद्यापीठाने आपल्याच आवारात त्यांना कार्यशाळेसाठी जागा दिली.

ही खोली त्यांचे खरे विद्यापीठ ठरली. रसायनशास्त्राचे प्राध्यापक जोसेफ ब्लॅक आणि तरुण विद्यार्थी जॉन रॉबिसन तिथे येऊन बसत. ॲडम स्मिथ हे अर्थशास्त्रज्ञ त्याच काळात त्याच विद्यापीठात शिकवत होते. पदवी नसलेला कारागीर आणि नामवंत प्राध्यापक यांची बरोबरीच्या नात्याने चर्चा चाले, हे त्या काळात सहजासहजी घडणारे नव्हते.

न्यूकमेनचे इंजिन कसे चालायचे?

बिघाड समजण्यासाठी आधी यंत्र समजून घ्यावे लागते. न्यूकमेनच्या इंजिनात खाली बॉयलर, त्यावर उभा सिलिंडर आणि सिलिंडरमध्ये वर-खाली होणारा पिस्टन असे. पिस्टन एका मोठ्या लाकडी तुळईच्या टोकाला साखळीने बांधलेला. तुळईच्या दुसऱ्या टोकाला खाणीत उतरणारा पंपाचा दांडा.

बॉयलरमधली वाफ सिलिंडरमध्ये भरली की पंपाच्या वजनाने तुळई कलून पिस्टन वर जाई. मग वाफेचा मार्ग बंद करून सिलिंडरच्या आत थंड पाण्याचा फवारा सोडला जाई. वाफेचे पाणी झाले की आत जवळजवळ पोकळी तयार होई आणि बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला खाली ढकली. तुळईचे दुसरे टोक वर जाई आणि पाणी उपसले जाई. म्हणजे काम वाफ करत नव्हती, हवेचा दाब करत होता. वाफेचे काम एवढेच की जागा व्यापायची आणि मग नाहीसे व्हायचे.

हे इंजिन कोळसा अक्षरशः गिळत असे. कोळशाच्या खाणीवर ते परवडे, कारण तिथे न विकला जाणारा चुरा फुकट मिळे. पण कॉर्नवॉलच्या तांब्या-कथलाच्या खाणींत कोळसा नव्हता. तो समुद्रमार्गे वेल्समधून आणावा लागे. खाण जितकी खोल, तितका पाणी उपसण्याचा खर्च जास्त.

दुरुस्तीला आलेले मॉडेल का थांबत होते?

विद्यापीठाकडे वर्गात दाखवण्यासाठी या इंजिनाचे छोटे मॉडेल होते. लंडनच्या एका नामांकित कारागिराकडे पाठवूनही ते नीट चालले नव्हते. प्राध्यापक जॉन अँडरसन यांनी १७६३ च्या हिवाळ्यात ते वॉट यांच्याकडे दिले. सिलिंडर अवघा दोन इंच व्यासाचा, पिस्टनची धाव सहा इंच.

वॉट यांनी जोड घट्ट केले, झडपा नीट केल्या. इंजिन सुरू झाले आणि काही झटक्यांनंतर थांबले. विस्तव जोरात पेटलेला, बॉयलरमध्ये पाणी भरपूर, कुठे गळती नाही. तरीही बॉयलर वाफ पुरवू शकत नव्हता. मोठे इंजिन दिवसरात्र चालते आणि त्याचीच हुबेहूब छोटी प्रत का चालत नाही, हे कोडे होते.

वॉट यांनी आधी तात्पुरता उपाय केला. फवाऱ्याचे पाणी कमी केले, पंपावरचा भार हलका केला. मॉडेल चालू लागले. सांगितलेले काम झाले होते, पैसे घेऊन विषय मिटवता आला असता. बहुतेक कारागिरांनी तेच केले असते. वॉट यांचे समाधान झाले नाही, कारण यंत्र चालले तरी ते आधी का थांबत होते याचे उत्तर मिळाले नव्हते.

वाफ जात कुठे होती?

वॉट यांनी अंदाज बांधण्याऐवजी मोजमाप सुरू केले. एका झटक्याला सिलिंडर भरायला किती वाफ लागायला हवी आणि प्रत्यक्षात किती खर्च होते, हे त्यांनी ताडून पाहिले. लागणारी वाफ सिलिंडरच्या आकारमानाच्या कितीतरी पट होती. मग उरलेली वाफ जाते कुठे?

ती सिलिंडरच्या भिंतीत जात होती. थंड पाण्याच्या फवाऱ्याने वाफेबरोबर सिलिंडरही थंड होई. पुढच्या फेरीत आलेली वाफ आधी धातू तापवण्यातच खर्ची पडे आणि तिथेच तिचे पाणी होई. भिंत तापल्यावरच उरलेल्या वाफेने सिलिंडर भरे. लगेच पुन्हा थंड फवारा आणि पुन्हा तेच. सुमारे तीन चतुर्थांश उष्णता अशी सिलिंडर तापवण्यातच वाया जात होती.

छोट्या मॉडेलमध्ये हा दोष जास्त का दिसला, याचेही उत्तर त्यात होते. आकार लहान केला की आतली जागा झपाट्याने कमी होते, भिंतीचे क्षेत्रफळ मात्र त्या मानाने कमी होत नाही. म्हणजे मूठभर वाफेला तुलनेने मोठी भिंत तापवावी लागे. शिवाय मॉडेलचा सिलिंडर पितळी होता आणि पितळ उष्णता चटकन शोषते. मोठ्या इंजिनात हाच दोष होता, पण कोळसा जास्त जाळून तो झाकला जात होता. छोट्या मॉडेलने तो उघडा पाडला.

वॉट यांनी उष्णता कमी शोषणारा लाकडी सिलिंडर करून पाहिला. तो टिकला नाही. आणखी एका प्रयोगाने ते चक्रावले. थोडीशी वाफ थंड पाण्यात सोडली तर ती आपल्या वजनाच्या सुमारे सहापट पाणी उकळीपर्यंत तापवत होती. हे ब्लॅक यांना सांगितले तेव्हा त्यांनी त्यामागचे तत्त्व उलगडले. पाण्याची वाफ होताना तापमान न वाढताही प्रचंड उष्णता शोषली जाते आणि वाफेचे पाणी होताना ती परत मिळते. ब्लॅक हा अप्रकट उष्णतेचा सिद्धांत आपल्या व्याख्यानांतून शिकवत होते.

ग्लासगो ग्रीनवर काय सुचले?

आता पेच स्पष्ट झाला होता. वाफ वाचवायची तर सिलिंडर सतत गरम हवा. चांगली पोकळी हवी तर सिलिंडर थंड हवा. एकाच भांड्याकडून दोन परस्परविरोधी गोष्टींची अपेक्षा होती. फवारा कमी करण्यासारख्या उपायांनी त्यातून मध्यम मार्ग निघे, सुटका होत नसे.

मे १७६५ मधील एका रविवारी वॉट ग्लासगो ग्रीन या मोकळ्या मैदानावर फिरायला गेले होते. तिथे चालता चालता उत्तर सुचले. वाफ ही पसरणारी वस्तू आहे. सिलिंडरला एक वेगळे, हवा काढून टाकलेले भांडे जोडले तर वाफ आपोआप तिकडे धाव घेईल आणि तिथे तिला थंड करता येईल. सिलिंडर कायम गरम, भांडे कायम थंड. साचलेले पाणी आणि हवा काढायला एक छोटा पंप जोडला की झाले.

रविवार हा स्कॉटलंडमध्ये कडक विश्रांतीचा दिवस. त्यामुळे हत्याराला हात लावायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागले. वैद्यांकडे असते तशी पितळी पिचकारी सिलिंडर म्हणून वापरून त्यांनी चाचणी केली आणि कल्पना खरी ठरली. वेगळा कंडेन्सर तो हाच. आज औष्णिक वीजकेंद्रांतही टर्बाइनमधून निघालेली वाफ वेगळ्या कंडेन्सरमध्येच थंड होते.

कल्पना ते कारखाना, अकरा वर्षे का लागली?

पिचकारीएवढ्या नमुन्यापासून खाणीवरच्या इंजिनापर्यंतचा रस्ता वॉट यांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण होता. १७६४ मध्ये त्यांचे मार्गारेट मिलर यांच्याशी लग्न झाले होते. संसार वाढत होता. दुकानातील भागीदार १७६५ मध्ये वारले आणि कर्ज अंगावर आले. पोटासाठी वॉट कालव्यांची मोजणी करू लागले. थंडी-पावसात डोंगर तुडवण्याचे हे काम त्यांना नकोसे होते, पण पैसे त्यातच होते.

ब्लॅक यांनी उसने पैसे दिले आणि उद्योजक जॉन रोबक यांच्याशी गाठ घालून दिली. रोबक यांच्या कोळशाच्या खाणीत पाणी भरत होते, त्यांना चांगले इंजिन हवेच होते. त्यांनी वॉट यांचे कर्ज फेडले, पेटंटचा खर्च उचलला आणि दोन तृतीयांश हिस्सा घेतला. ५ जानेवारी १७६९ रोजी पेटंट मिळाले.

किनील येथे उभारलेले पहिले मोठे इंजिन मात्र नीट चाललेच नाही. त्या काळच्या लोहारांना अचूक गोल सिलिंडर बनवता येत नव्हता. पिस्टन आणि भिंत यांच्यातल्या फटीतून वाफ निसटे. वॉट यांनी तेलात भिजवलेल्या चिंध्या, बूच, कागदाचा लगदा, अगदी घोड्याची लीद भरूनही फट बुजवायचा प्रयत्न केला. न्यूकमेनच्या इंजिनात पिस्टनवर पाणी ओतून गळती रोखता येई. वॉट यांच्या गरम सिलिंडरमध्ये तो मार्ग बंद होता. विचार बरोबर, कारागिरी अपुरी, अशी ही कोंडी होती.

१७७३ हे वर्ष सगळ्यात वाईट ठरले. रोबक यांचे दिवाळे निघाले. सप्टेंबरमध्ये वॉट उत्तरेकडच्या डोंगराळ भागात कालव्याच्या मोजणीवर असताना पत्नी बाळंतपणात अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. ते घरी पोहोचण्याआधीच मार्गारेट गेल्या होत्या. पदरात लहान मुले, इंजिन अपुरे आणि वय ३७.

बोल्टन यांच्यामुळे काय बदलले?

रोबक यांचा हिस्सा बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांनी घेतला. बटणे, बकले, चांदीची भांडी बनवणारा त्यांचा सोहो कारखाना देशात नावाजलेला होता. १७७४ मध्ये वॉट बर्मिंगहॅमला आले. बोल्टन उत्साही, बोलके आणि धाडसी. वॉट चिंताग्रस्त, अबोल, प्रत्येक गोष्टीत धोका पाहणारे. दोघांची भागीदारी पंचवीस वर्षे टिकली.

बोल्टन यांनी संसदेकडून १७७५ मध्ये पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवून घेतली. याच सुमारास जॉन विल्किन्सन यांनी तोफांच्या नळ्या अचूक कोरण्याचे यंत्र तयार केले होते. त्या तंत्राने पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरमध्येही जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीइतका फरक राहत नसे. किनीलमध्ये अडलेला प्रश्न तोफा बनवणाऱ्याने सोडवला. मार्च १७७६ मध्ये ब्लूमफिल्ड कोळसा खाणीवरचे आणि विल्किन्सन यांच्या भट्टीवरचे इंजिन सुरू झाले.

विक्रीची पद्धतही नवी होती. न्यूकमेनच्या इंजिनाच्या तुलनेत जितका कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग दरवर्षी द्यायचा. ग्राहकाला बचत झाली तरच पैसे. कॉर्नवॉलमध्ये इंजिनांना मोठी मागणी आली. काही वर्षांतच खाणमालकांना हाच वार्षिक हप्ता जाचक वाटू लागला.

याच काळात वॉट यांनी ॲन मॅकग्रेगर यांच्याशी दुसरे लग्न केले. १७७७ मध्ये कारखान्यात आलेले विल्यम मर्डॉक हे त्यांचे सर्वांत भरवशाचे सहकारी ठरले. कॉर्नवॉलमध्ये इंजिन उभारणे, बंद पडलेले इंजिन रात्री-अपरात्री जाऊन चालू करणे, हा भार मर्डॉक यांनी वाहिला.

अश्वशक्ती आणि गव्हर्नर कशासाठी?

पंप वर-खाली होतो, गिरणी गोल फिरते. १७८१ मध्ये वॉट यांनी सूर्याभोवती ग्रह फिरावा तशी दातेरी चाकांची जोडणी करून पिस्टनची चाल चक्राकार केली. साध्या क्रँकचे पेटंट दुसऱ्याने आधीच घेतले होते, म्हणून हा वळसा. त्यानंतर पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी वाफ देणारे इंजिन आणि १७८४ मध्ये दांडा सरळ रेषेत ठेवणारी समांतर गतीची जोडणी आली. आपल्या सर्व कामांत या जोडणीचा त्यांना सर्वाधिक अभिमान होता.

गिरणीमालक तोवर घोडे वापरत. इंजिन किती घोड्यांचे काम करील, हा त्यांचा साधा प्रश्न. वॉट यांनी हिशेब बसवला, ३३ हजार पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. महाराष्ट्रातला शेतकरी विहिरीवर पाच एचपीची मोटार बसवतो तेव्हा तो हेच माप वापरत असतो. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट, म्हणजे पाच एचपीची मोटार जवळपास पावणेचार किलोवॉटची.

१७८८ मध्ये वॉट यांनी इंजिनाला गव्हर्नर जोडला. वेग वाढला की फिरणारे दोन गोळे बाहेर फाकत आणि वाफेची झडप थोडी बंद होई. वेग कमी झाला की उलट. पवनचक्क्यांत असे गोळे आधीपासून होते. इंजिनाला ते जोडल्याने यंत्र स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवू लागले.

पेटंटने प्रगती रोखली का?

वॉट यांच्याबद्दलचा हा जुना वाद आहे. त्यांचे पेटंट इतके व्यापक होते की वेगळ्या कंडेन्सरशिवाय चांगले इंजिन करणे इतरांना अवघड होते. जोनाथन हॉर्नब्लोअर यांच्यासारख्या अभियंत्यांनी वेगळ्या वाटा शोधल्या तेव्हा त्यांना न्यायालयात खेचले गेले. १७९९ मध्ये निकाल बोल्टन आणि वॉट यांच्या बाजूने लागला.

दुसरा आक्षेप जास्त दाबाच्या वाफेचा. वॉट यांची इंजिने हवेच्या दाबाहून थोड्याशाच जास्त दाबावर चालत. बॉयलर फुटून माणसे मरतील, ही त्यांची धास्ती होती आणि त्या काळच्या लोखंडी पत्र्यांचा विचार करता ती अनाठायी नव्हती. पण त्यामुळे मर्डॉक यांचा वाफेच्या गाडीचा प्रयोगही मागे पडला. १८०० मध्ये पेटंट संपल्यावर रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी जास्त दाबाचे, आकाराने लहान इंजिन पुढे नेले आणि १८०४ मध्ये ते रुळांवर चालवून दाखवले. रेल्वे ही वॉट यांची देणगी मानली जाते, पण ती त्यांना नको असलेल्या वाटेने आली. दुसरी बाजू अशी की पेटंटची हमी नसती तर अकरा वर्षे तोट्यात चाललेल्या कामात बोल्टन यांनी पैसा ओतलाच नसता.

मुंबईशी काय संबंध?

सोहो कारखान्यात बोल्टन यांनी वाफेवर चालणारी टांकसाळ उभारली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी १७९१ ची तांब्याची नाणी तिथे पाडली गेली. पुढे १८२० च्या दशकात मुंबईत फोर्ट भागात टांकसाळ बांधली गेली तेव्हा तिची यंत्रेही सोहोहून आली.

माझगावच्या वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी यांनी वाफेच्या इंजिनांत प्रावीण्य मिळवले. वॉट १७८५ मध्ये ज्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, त्याच संस्थेचे अर्देशीर १८४१ मध्ये पहिले भारतीय फेलो ठरले. या नाण्याला दुसरी बाजूही आहे. १७८५ पासून इंग्लंडच्या सूतगिरण्यांत वॉट यांची इंजिने बसू लागली आणि पुढच्या काही दशकांत यंत्रावरच्या स्वस्त कापडाने भारतातल्या हातमागांचा बाजार हिरावला.

अखेरची वर्षे कशी गेली?

वॉट यांना संपत्ती आणि कीर्ती मिळाली, पण घरातले दुःख संपले नाही. दुसऱ्या लग्नापासूनची मुलगी जेसी १७९४ मध्ये क्षयाने गेली. त्यानंतर वॉट यांनी डॉक्टर थॉमस बेडोज यांच्या वायू-उपचाराच्या प्रयोगांसाठी वायू तयार करण्याची उपकरणे बनवून दिली. लेक वाचली नाही, निदान दुसऱ्यांची वाचावीत, अशी ती धडपड. ते उपचार यशस्वी झाले नाहीत. १८०४ मध्ये मुलगा ग्रेगरीही गेला.

१८०० मध्ये निवृत्त झाल्यावर वॉट हँड्सवर्थ येथील घराच्या पोटमाळ्यावर रमले. तिथे त्यांनी मूर्तीची हुबेहूब प्रत कोरणारी यंत्रे बनवली. २५ ऑगस्ट १८१९ रोजी, ८३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हँड्सवर्थच्या चर्चमध्ये बोल्टन यांच्याजवळच त्यांची समाधी आहे. पोटमाळ्यावरची कार्यशाळा दीर्घ काळ तशीच बंद राहिली आणि १९२४ मध्ये ती सामानासह लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये हलवण्यात आली. शक्तीच्या एककाला त्यांचे नाव देण्याची सूचना १८८२ मध्ये पुढे आली आणि १९६० मध्ये ते आंतरराष्ट्रीय पद्धतीत दाखल झाले.

घरातला बॉयलर आज का बंद पडतो?

वॉट यांनी १७८४ च्या सुमारास आपली कामाची खोली वाफेने गरम करून पाहिली होती. न्यूयॉर्क, बोस्टनसारख्या शहरांतील जुन्या घरांत आजही गॅसवर चालणारा बॉयलर असतो. वाफ नळांतून खोल्यांतल्या रेडिएटरमध्ये जाते, तिथे उष्णता देऊन तिचे पाणी होते आणि ते परत बॉयलरमध्ये येते. हिवाळ्यात हा बॉयलर वारंवार बंद पडला तर प्रश्न वॉट यांचाच विचारावा लागतो. वाफ किती तयार होते आणि ती जाते कुठे?

काचेच्या नळीतली पातळी खाली गेली असेल तर पाणी कमी होताच गॅस तोडणारी सुरक्षा यंत्रणा काम करते आहे. गळती असेल, किंवा परतीच्या नळात गाळ साचून पाणी उशिरा येत असेल. पाण्यावर तेलकट मळ असेल तर पातळी उसळते आणि यंत्रणा फसते. अशा वेळी नुसते पाणी भरत राहणे म्हणजे मॉडेलचा फवारा कमी करण्यासारखेच. शिवाय ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू येतो आणि आतले लोखंड गंजते.

दाब वाढून बंद पडत असेल तर गोष्ट उलटी. ग्लासगोच्या मॉडेलमध्ये बॉयलर सिलिंडरला अपुरा होता, इथे बॉयलर रेडिएटरच्या मानाने मोठा असतो. वाफेला जायला जागा नसते. हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा तुंबल्या तरी तेच होते. पाणी आणि दाब ठीक असूनही ज्योत विझत असेल तर ज्योत ओळखणारा सेन्सर किंवा धुराचा मार्ग तपासावा लागतो. बंद पडण्याच्या क्षणी पाणी, दाब आणि ज्योत या तिघांची स्थिती लिहून ठेवली तर निम्मे निदान होते.

महाराष्ट्रातल्या घरांत असा बॉयलर नसतो, गॅस गिझर असतो. पाण्याचा दाब कमी झाला, सेल उतरले किंवा ठरावीक वेळ संपली की तो थांबतो. तो सारखा थांबतो म्हणून सुरक्षा यंत्रणा काढून टाकणे किंवा तारा थेट जोडणे जिवावर बेतू शकते. बंद न्हाणीघरात जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि तो बेशुद्ध करूनच आपली चाहूल देतो. गिझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी असावा आणि गॅसच्या भागाला प्रशिक्षित तंत्रज्ञानेच हात लावावा.

यंत्र थांबते तेव्हा ते बहुतेक वेळा काहीतरी सांगत असते. पुन्हा पुन्हा बटण दाबून ते चालू करणे सोपे असते. ते का थांबले हे मोजून पाहिल्यावरच खरी दुरुस्ती होते.